पाणी एक, वाफे बारा

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं सोसायटीच्या नाहीतर कॉलनीच्या सामायिक भाजीबागेची आहेत. दुखणं बहुतेकांचं एकच, जानेवारीत हिरवीगार असलेली बाग एप्रिल लागला की डोळ्यांदेखत करपते आणि मग चार घरं बागेतून अंग काढून घेतात. माझ्या स्वतःच्या सोसायटीत आम्ही हे सगळं भोगलंय त्यामुळे या वेळी जरा सविस्तर लिहिते.

ताई, आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत बारा घरांनी मिळून वाफे केलेत, प्रत्येकाचा सहा बाय आठ फुटांचा. थंडीत मेथी, पालक, मुळा सगळं मस्त येतं पण एप्रिलपासून नुसती भांडणं. नळ एकच, पाइप एकच, कुणी अर्धा तास पाइप धरून उभं राहतं, कुणाचा वाफा तीन दिवस कोरडा. टँकर सुरू झाले की कमिटी म्हणते बागेचं पाणी बंद. उन्हाळ्यात बाग बंदच ठेवावी का?
*एक वाचक, पिंपरी-चिंचवड*

बंद नका ठेवू. आधी हिशोब करू, कारण कमिटीसमोर नुसतं "थोडंसंच लागतं हो पाणी" असं म्हणून कुणी ऐकत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भरलेला वाफा दिवसाला साधारण सहा ते आठ मिलिमीटर पाणी पितो आणि उडवतो. तुमचा वाफा साडेचार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका वाफ्याला तीसेक लिटर, बारा वाफ्यांना साडेतीनशेच्या वर, रोज. हे ऐकून घाबरू नका, पण आकडा कागदावर लिहा. मग पाइपखाली वीस लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजा, दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला दहा लिटर. बहुतेक ठिकाणी हे मोजल्यावर कळतं की एका घरचं माणूस रोज दीडशे लिटर ओततंय आणि दुसऱ्याला पंधरासुद्धा मिळत नाहीयेत, आणि दोघांनाही त्याची कल्पना नाही.

आता खरं सांगायचं ते. अडचण पाण्याइतकीच वाफे वाटून घेण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येकाच्या वाफ्यात थोडी कोथिंबीर, दोन वांगी, एक दोडका, चार भेंड्या. कोथिंबिरीला रोज हलकं पाणी हवं, दोडक्याला एक दिवसाआड पण खोल, गवारीला तर जास्त पाणी दिलं की ती नुसती पानांना जाते. एकाच वाफ्यात तिघांचं पथ्य सांभाळायचं कसं? मग रोज सगळीकडे सारखंच पाणी मारलं जातं, निम्मं वाया जातं.

धुळे, नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत आहे, शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली, बहुतेक ठिकाणी चार. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं म्हणजे पाणी एकाच वेळी, एकाच मापानं सोडता येतं. शेतकऱ्याचा तुकडा एकाच फडात नसतो, वेगवेगळ्या फडांत असतो, त्यामुळे पाणी कमी असलं आणि एखादा फड पडीक ठेवायची वेळ आली तरी एकट्यादुकट्याचं पूर्ण नुकसान होत नाही, तोटा सगळ्यांत वाटला जातो. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि निर्णय सगळ्यांनी बसून. माझं माहेर त्या भागातलं, लहानपणी आजोबांच्या तोंडून "फडाची बारी", म्हणजे पाण्याची पाळी, हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की सोसायटीत भांडणं सुरू झाली तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं.

तर उन्हाळ्यापुरते, मार्च ते जून, घरवार वाफे मोडा आणि बारा वाफ्यांचे चार फड करा, तीन-तीन वाफ्यांचे. पहिला फड पालेभाजीचा, तो भिंतीच्या किंवा झाडाच्या दुपारच्या सावलीत, रोज हलकं पाणी. दुसरा वेल, भेंडी आणि वांग्यांचा, एक दिवसाआड खोल पाणी. तिसरा गवार आणि चवळीचा, तीन-चार दिवसांनी. चौथा रिकामा. रिकाम्या फडाला कुणी नावं ठेवली तर त्यांना सांगा की तोच वर्षभराचं औषध आहे, माती भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडून टाका, चार ते सहा आठवडे, आतली माती इतकी तापते की तणाचं बी, सूत्रकृमी आणि बऱ्याच बुरशा मरतात. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच.

असं केलं की रोजचं पाणी साडेतीनशेवरून दोनशे-सव्वादोनशेवर येतं, आणि अजून आपण आच्छादन घातलेलं नाही. उन्हाळ्यात फुकट मिळणारं सगळ्यात चांगलं आच्छादन म्हणजे रसवंतीवरचं चिपाड. पोतंभर आणा, पण तसंच वाफ्यात टाकू नका, गोडव्याला मुंग्या येतात, चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा आणि मग दोन-अडीच इंचांचा थर द्या, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. चिपाड नसेल तर वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, काहीही चालतं. पहिल्यांदा आच्छादन घातलं त्या आठवड्यात मी दुपारी दोन वाजता उघड्या मातीवर हात ठेवला तर चटका बसला आणि चिपाडाखाली बोटं घातली तर माती माठाच्या बाहेरच्या अंगासारखी गार, ते बघूनच आमच्याकडचे दोन विरोधक गप्प झाले.

माठावरून आठवलं, वेलांच्या फडात दोन वेलांच्या मधे मातीचा साधा माठ गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण नाहीतर फरशीचा तुकडा. पाच-सहा लिटरचा माठ दोन ते चार दिवस झिरपत राहतो आणि आजूबाजूची फूट-दीड फूट माती ओली ठेवतो. आम्ही पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाले म्हणून रंग दिलेले माठ घेतले, पाणी झिरपेच ना, आठ दिवसांनी उकरून काढावे लागले. साधे, रंग न दिलेले, बाहेरून ओल सुटणारे माठच घ्या.

आणि कमिटीला सांगा की बारा घरांतलं तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी रोज बागेत येणार आहे, घरटी चार-पाच लिटर धरलं तरी पन्नास-साठ लिटर तिथेच निघाले. हा कागद घेऊन गेलात तर टँकरच्या दिवसांतही बोलणी होऊ शकतात, आमची झाली. फक्त वॉशिंग मशीनचं पाणी पालेभाजीला घालू नका.

दोडक्याला पिवळी फुलं भरपूर येतात, रोज संध्याकाळी वेल नुसता चमकतो, पण दोडका एक नाही. बारीक बोटाएवढे दिसतात आणि पिवळे पडून गळतात. खतं कमी पडतायत का?
*एक वाचक, डोंबिवली*

खत कमी पडत असतं तर वेल चमकला नसता. खत देत असाल तर ते आधी थांबवा, नत्र जास्त झालं आणि ऊन कडक असलं की वेलाला नर फुलंच जास्त येतात.

तुमच्या पत्रातला "रोज संध्याकाळी" हा शब्दच उत्तर आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचंही. काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी उमलतात, मधमाशा त्यांच्याकडे येतात. दोडक्याचं फूल उमलतं तेव्हा मधमाशी घरी गेलेली असते, तिथे रात्रीचे पतंग लागतात, आणि चारी बाजूंनी दिवे असलेल्या सोसायटीत पतंग वेलाकडे कमी आणि दिव्याकडे जास्त जातात. म्हणून हे काम तुम्हालाच करायचंय.

संध्याकाळी सहा-साडेसहाला जा. नर फुलं घोसात असतात, लांब दांड्यावर, मागे काही नाही. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागे करंगळीएवढा, शिरा असलेला दोडका आधीच दिसतो. एक नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या हलक्या हातानं काढा, आतला पिवळा भुकटीवाला भाग राहील, तो मादी फुलाच्या मधल्या हिरवट ओलसर गाठीवर हळूच फिरवा, पेढ्यावर पिस्ता दाबावा तितक्याच जोरानं. एका नराने दोन-तीन माद्या होतात. ज्या फुलाला केलंत त्याच्या दांड्याला लोकरीचा धागा सैल बांधा. तिसऱ्या दिवशी बघा, धागा बांधलेला दोडका जाड झालेला असेल, नाहीतर पिवळा. माझ्या शेजारच्या वाफ्यातल्या काकू हे करायला आधी तयारच नव्हत्या, आता त्या रोज संध्याकाळी देवाला दिवा लावला की नातवाला घेऊन खाली येतात.

फळ धरलं आणि तरी वाकडं होऊन आतून किडलं, तर ती फळमाशी. तिला क्यूल्युअर या आमिषाचा सापळा लावा, आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला नाही, तो या माशीला चालत नाही. किडलेलं फळ वाफ्यात टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

टमाटरची झाडं मस्त वाढली जी, फुलं येतात आन् गळून जातात. एक बी फळ धरत नाही. सांबार पेरला तो उगवलाच नाही. नागपूरच्या उन्हात काही होतं का नाही?
*एक वाचक, नागपूर*

होतं, पण टमाटर नाही, मे महिन्यात तरी नाही. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही पारा 24-25 च्या खाली यायला तयार नाही म्हटल्यावर टोमॅटोचा पराग निकामी होतो. तुमच्याकडे मेमध्ये दुपारी 43-44 सहज असतं. फूल येणार, गळणार, त्यात तुमची चूक शून्य. फवारण्या करून पैसे घालवू नका. झाडं तरणी असतील तर पश्चिमेच्या बाजूने हिरवी जाळी लावा, अर्धी उंची छाटा, खत बंद करा आणि फक्त जगवा, पाऊस पडून हवा गार झाली की तीच झाडं परत धरतात. म्हातारी झाली असतील तर काढा आणि मेअखेरीला नवं रोप टाका.

सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र येतो. धणे पायताणानं नाहीतर लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पालेभाजीच्या सावलीच्या वाफ्यात पेरा आणि वर ओलं गोणपाट टाका. रोज दोन वेळा गोणपाटावरच पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी उचलून बघा, पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, एक दिवस उशीर केला तर कोंब लांब होऊन कोलमडतात. सांबार गुडघाभर होणार नाही, वीतभर झाला की कापा.

आणि गवार, चवळी, चवळाई, अंबाडी, राजगिरा ही तुमच्या उन्हाची पिकं आहेत. चवळाई वीस-पंचवीस दिवसांत ताटात येते. उन्हाळ्यात आपली थाळी थोडी बदलावी लागते, एवढंच.

मी दहावीची परीक्षा दिली आहे. मे महिन्यात आमच्या कॉलनीतले सगळे गावाला जातात आणि बागेला पाणी घालायचं काम मला दिलंय. मागच्या वर्षी ज्या दादाकडे काम होतं त्याच्याकडून सगळं वाळलं आणि सगळे त्याला ओरडले. मला भीती वाटते.
*एक वाचक, नाशिक*

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, भीती वाटते म्हणजे तू काम नीट करणार. मी सांगते तसं कर.

सकाळी आठच्या आत जा. पाइप दिवसभर उन्हात पडलेला असतो, दुपारी किंवा संध्याकाळी पाचला नळ सोडला तर पहिल्या मिनिटाचं पाणी चहासारखं गरम येतं, ते थेट रोपावर पडलं तर पानं भाजतात. म्हणून संध्याकाळी घालायची वेळ आलीच तर आधी हात धरून बघ आणि गरम पाणी बादलीत काढून ठेव, थंड झाल्यावर वापर. पाणी पानांवर नाही, मुळाशी. पाइप जमिनीवर ठेवून बारीक धार सोड आणि पुढच्या झाडाकडे जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी दोन वाजता भोपळ्याची, काकडीची पानं लुळी पडलेली दिसतील, छत्री मिटावी तशी. घाबरून लगेच पाणी घालू नकोस. कडक उन्हात मुळं पुरवतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतं म्हणून ती तशी होतात, आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. सकाळी सातला पानं लुळी असतील तर मात्र ते झाड खरंच तहानलेलं आहे. खात्री करायची तर मातीत बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी दे. मागच्या वर्षीच्या दादाने बहुतेक रोज वरवर शिंपडलं असेल, त्याने मुळं वरच राहतात आणि एका दिवसाची सुट्टी झाली की सगळं वाळतं. त्याला ओरडणाऱ्यांनी त्याला हे सांगितलं होतं का, हे मला त्यांनाच विचारायचंय.

भेंडी आणि गवार एक दिवसाआड तोडावीच लागते, झाडावर जून झाली की झाड नवीन फूल द्यायचं थांबवतं. तेव्हा गावाला जाणाऱ्या काका-काकूंना आधीच सांग, मेमध्ये जो पाणी घालेल तोडा त्याचाच. हे व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून घे, मोठ्यांकडून लेखी घ्यायला लाजू नकोस. तोडलेली भेंडी आईला दे नाहीतर शेजारी वाट. टोपी घाल, पाण्याची बाटली बरोबर ठेव. दोन दिवस बाहेर जायचं असेल तर कुणाला सांगून जा.

भेंडीची पानं पिवळी पडलीत, शिरा जास्तच पिवळ्या, भेंडीसुद्धा पांढरट येते. परभणी क्रांतीचंच बी आहे.
*एक वाचक, जालना*

हा केवडा, काही जण हळद्या म्हणतात. विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. परभणी क्रांती तुमच्या मराठवाड्यातल्याच कृषी विद्यापीठाची जात, ती आली तेव्हा या रोगाला चांगली टिकायची, पण आता तिची ती ताकद पूर्वीइतकी राहिलेली नाही. पिवळं झालेलं झाड बरं होत नाही, आजच उपटा आणि बागेबाहेर न्या. राहिलेल्यांवर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चिमूटभर साबण, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. पिवळे चिकट सापळे लावा. सामायिक बागेत एकट्याने उपटून उपयोग नाही, शेजारच्या वाफ्यातलं पिवळं झाडही त्याच दिवशी निघालं पाहिजे, तेवढं प्रेमानं बोलून घ्या.

आमच्या प्लॉटला बोअरचं पाणी आहे. मातीवर पांढरा थर येतो आणि घेवड्याच्या पानांच्या कडा जळतात. आरओचं टाकाऊ पाणीही साठवून घालतो तरी फरक नाही.
*एक वाचक, सांगली*

आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे क्षार गाळून एकत्र केलेलं पाणी, ते घालणं आधी बंद करा, त्याने फरशी धुवा. मग एक टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, छोटा पेनासारखा मिळतो, आणि बोअरचं पाणी मोजा. आकडा 450 च्या आत असेल तर काळजी नाही, 2000 च्या वर असेल तर त्या पाण्यावर भाजी करू नका, मधे असेल तर सांभाळून करता येते. नक्की काय क्षार आहेत हे बघायला पाण्याचा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून द्या.

मधल्या आकड्यात रोज थोडं थोडं पाणी देणं सगळ्यात वाईट, पाणी उडून जातं आणि मीठ वरच साठतं. दोन पाण्यांमधलं अंतर थोडं वाढवा, पण देताना खोल द्या म्हणजे क्षार मुळांच्या खाली उतरतात. भरपूर कुजलेलं शेणखत आणि आच्छादन. कुजलेलंच हवं, ताजं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवीला बोलावणं. पीकही बदला. घेवडा, गाजर, कांदा ही मिठाला फार नाजूक, गवार आणि बीट बरंच सोसतात. पांढरा थर खुरप्यानं खरवडून उचला, मातीत मिसळू नका. आणि पावसाचं पहिलं चांगलं पाणी त्या वाफ्यातून आरपार जाऊ द्या, वर्षाची स्वच्छता तेव्हाच होते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, टाउनशिपच्या कम्युनिटी गार्डनमध्ये प्लॉट घेतलाय. आईने दिलेलं पावट्याचं बी लावलं, वेल कुंपणावर चढून पलीकडे गेला, पण ऑगस्ट संपेपर्यंत फूल नाही आणि सप्टेंबरला फुलं आली तोवर थंडी. दोन वर्षं असंच.
*एक वाचक, न्यू जर्सी*

आईच्या बियाण्यात काही खोट नाही. आपला देशी पावटा दिवस लहान झाल्यावर फुलतो, म्हणून आपल्याकडे तो थंडीचा. तुमच्याकडे जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा, वेलाला वाटतं अजून वेळ आहे, तो फक्त वाढत राहतो. दिवस लहान होतात सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरात दव गोठायला लागून सगळं संपतं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय, अर्का विजय या बुटक्या जाती दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत, तशी जात शोधा. पण बी खिशातून नेऊ नका, तिथल्या कस्टमचे नियम कडक आहेत, आधी परवानगी बघा नाहीतर तिथल्याच विक्रेत्याकडून घ्या.

अंबाडीलाही फूल लहान दिवसांतच येतं, त्यामुळे तुमच्या लांबलचक दिवसांत ती फुलण्याच्या भानगडीत न पडता पानंच पानं देते, पावट्याची कसर भाकरीबरोबर अंबाडीने भरून काढा. भेंडी, कारलं घरात कपात उगवून मेअखेरीला बाहेर लावा, जमीन गार असताना भेंडी नुसती बसून राहते. मेथी एप्रिलमध्ये आणि परत ऑगस्टअखेर, भर उन्हाळ्यात नको. आईला वेलाचा फोटो पाठवा, फूल नसलं तरी.

अक्षय्य तृतीयेला आळी घालायची आमच्या घरची पद्धत. आता मुलाकडे सोसायटीत राहते. इथल्या सामायिक बागेत भोपळ्याचं, काकडीचं आळं घातलं तर चालेल का? मुलं म्हणतात इतक्या उन्हात बी कशाला, पाऊस पडू दे.
*एक आजी, सातारा*

आजी, तुम्ही घाला. मुलांना सांगा की यात हिशोब आहे. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात नाहीतर मेमध्ये येते. तेव्हा लावलेला वेल मृगापर्यंत महिन्याचा होतो, मुळं खोल गेलेली असतात, पाऊस आला की तो एका आठवड्यात मांडवावर. पावसानंतर पेरलेलं बी मात्र जोराच्या सरींत वाहून जातं, नाहीतर गोगलगायी कोवळे कोंब खातात. आणि महिनाभर एका आळ्याला रोज तांब्या-दोन तांबे पाणी, इतकंच लागतं, ते तुमच्या घरातलं तांदूळ धुतलेलं पाणीच पुरेल.

आळं म्हणजे दीड फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, तो आठवडाभर आधी उन्हात उघडा तापू द्या. तळाशी वाळलेला पाला, मग माती आणि कुजलेलं शेणखत अर्धं-अर्धं, मूठभर निंबोळी पेंड. बी रात्रभर भिजवून कडेकडेनं तीन-चार टोचा आणि उगवल्यावर जोमाची दोनच ठेवा. दोन पानांची रोपं असताना तांबडे भुंगेरे येतात, ते पहाटे सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका, चुलीची राख असेल तर पानांवर भुरभुरा.

तुमची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, पण सोसायटीतल्या तरुण मंडळींना हे शेवटचं दाखवून ठेवा. मेमध्ये पाणी धरायला आळ्याची कड चार बोटं उंच असते, पहिला मोठा पाऊस पडला की त्याच दिवशी ती कड उताराच्या बाजूने फोडायची आणि तीच माती खोडाला लावायची. नाहीतर त्याच आळ्यात पाणी साचून वेल बुडातून कुजतो.